लॉर्ड लिनलिथगो आणि आमचे गोधन

शालेय वार्षिकांत थोरामोठ्यांची चरित्रे छापण्याचा प्रघात जुना आहे. आणि बहुतकरून अशाच पुरुषांची निवड होते की, ज्यांच्याविषयी वाचकांच्या मनात आदरावाचून दुसरा भाव उद्भवण्यास जागा नसावी. प्रस्तुत लेखाचे नायक त्या कोटीतील नव्हेत. मार्क्विस ऑफ लिनलिथगो हे १९३६ पासून १९४३ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या अमदानीत आमच्या नंदुरबार गावी शाळकरी मुलांवर गोळ्या झाडण्यात आल्या, आणि त्यांच्याच अमदानीत बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. असे असता त्यांचे चरित्र येथील विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी केल्यास तो अगदी रास्त आहे. आमचे उत्तर इतकेच की, गाय, म्हैस, बैल, वैरण व दूध यांविषयी या देशात सरकारी खर्चाने जे शास्त्रीय संशोधन झाले, त्याची घडी ज्या थोड्या माणसांनी बसविली त्यांत या स्कॉच सरदाराचे नाव वगळता येत नाही. आणि आमच्या जिल्ह्यातील असंख्य घरांचा चरितार्थ गुराढोरांशी बांधलेला असल्यामुळे ती हकीकत आम्हांस परकी नाही. एका अंगाचे वर्णन करून दुसरे झाकावे, हे मात्र आम्हांस मान्य नाही.

व्हिक्टर अलेक्झांडर जॉन होप यांचा जन्म २४ सप्टेंबर १८८७ रोजी स्कॉटलंडात, एडिंबरो शहराच्या पश्चिमेस असलेल्या होपटाऊन या वाडवडिलार्जित वाड्यात झाला. प्रत्यक्ष व्हिक्टोरिया राणी त्यांची धर्ममाता होती, व तिच्याच नावावरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. वडील प्रथम ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताचे गव्हर्नर होते, आणि १९०१ साली ते संयुक्त ऑस्ट्रेलियाचे पहिले गव्हर्नर-जनरल झाले. मुलाचे शिक्षण ईटन येथील प्रसिद्ध शाळेत झाले. १९०८ साली पितृछत्र हरपले, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आत पदवी, जमीनजुमला व कुळे यांचा सारा भार त्यांच्या शिरावर आला. १९११ साली त्यांचा विवाह डोरीन मिल्नर या बाईंशी झाला. पुढे महायुद्धात पश्चिम आघाडीवर त्यांनी रॉयल स्कॉट्स या पलटणीच्या एका तुकडीचे आधिपत्य केले. युद्धानंतर ते आरमार खात्यात दुय्यम मंत्री होते. हे सर्व त्या काळच्या कोणाही इंग्रज अगर स्कॉच उमरावाच्या चरित्रात सापडावयाचेच. त्यात विशेष असे काही नाही.

विशेष आहे ते हे की, या उमरावाचे मन दरबारापेक्षा गोठ्यात अधिक रमत असे. होपटाऊनची शेती ते स्वतः जातीने पाहत. एडिंबरो येथील शेतकी कॉलेजचे ते अध्यक्ष होते. १९२२ साली ब्रिटिश सरकारने शेतमालाच्या किमती व वाटप यांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले; आणि त्या समितीने आपला पहिला अहवाल १९२३ साली जो प्रसिद्ध केला तो दुधावरच होता. गवळ्याला मिळणारा दर आणि शहरातील गृहिणीने मोजलेला दर यांमधील तफावत कोठे जाते, वाहतुकीत किती नासते, दलालाच्या पदरात किती पडते, याचा पाई-पैचा हिशेब करावयाचा, असे ते काम. तलवार गाजविण्याची आवड असणाऱ्या सरदारास ते कंटाळवाणे वाटले असते. यांस ते आवडले, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून म्हणावे लागते.

त्या वेळी हिंदुस्थानात गुरांविषयी सरकारी संशोधन कोठवर आले होते, हे येथे सांगितले पाहिजे. गुरांच्या रोगांचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यास, तेथील सायन्स कॉलेजात निघाली, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. चार वर्षांनी ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. कारण ज्या रोगजंतूंवर प्रयोग करावयाचे ते भरवस्तीपासून दूर असणेच बरे. १८८९ सालीच अलाहाबादेस लष्करी दुग्धालय निघाले. त्याचा हेतू गोऱ्या सैनिकांस निर्भेळ दूध मिळावे एवढाच होता, शेतकऱ्याचा त्यात विचार नव्हता. तेथे विलायती वळूंपासून पैदास झालेल्या गायी दूध पुष्कळ देत. परंतु आमच्या उन्हाळ्यास, गोचिडांस व रोगांस त्या लवकर बळी पडत. १९०५ साली बिहारमधील पुसा येथे शेतकी संशोधनाची मोठी संस्था उभी राहिली. हेन्री फिप्स नामक एका अमेरिकन गृहस्थाने दिलेल्या देणगीचा तीस आधार होता. तेथे पंजाबातील साहिवाल जातीच्या गायींचा कळप निवड करीतकरीत वाढविण्यात आला, आणि विलायती रक्ताचा थेंबही न घालता केवळ निवड, नोंद व पोटभर चारा यांच्या बळावर देशी गाय किती सुधारते, हे त्या कळपाने दाखविले. बंगळूर येथे १९२३ साली पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय यांची स्वतंत्र संस्था सुरू झाली. १९२७ साली प्रकृती सुधारण्यासाठी बंगळुरास राहिलेले महात्मा गांधी तेथे जाऊन गोपालनाचे धडे घेत असत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. सरकारशी असहकार पुकारणारा पुरुष सरकारी दुग्धशाळेत शिष्य होऊन बसतो, यावरून त्या विद्येची गरज त्यास किती वाटत होती हे दिसते.

म्हणजे संस्था होत्या, विद्वान होते, प्रयोग होते. नव्हता तो त्यांचा परस्परांशी मेळ. १९१९ च्या सुधारणांनी शेतकी खाते प्रांतांकडे गेल्यापासून तर मुंबईत काय चालले आहे याची मद्रासेस दाद नसे, व पंजाबातील शोध पुण्यास कळण्यास वर्षे लागत. ही स्थिती पाहून १९२६ साली बादशहांच्या नावे एक शाही शेतकी कमिशन नेमण्यात आले, आणि त्याच्या अध्यक्षपदी लॉर्ड लिनलिथगो यांची योजना झाली. मुंबई प्रांताचा अनुभव असलेले सर हेन्री लॉरेन्स, पंजाबात कालवे व शेते फुलविणारे सर गंगाराम, पुण्याचे बाळकृष्ण सीताराम कामत, बंगालचे प्रोफेसर गांगुली आदि मंडळी सभासद होती. सर गंगाराम कमिशनचे काम पुरे होण्यापूर्वीच, १९२७ साली, लंडनमध्ये निवर्तले. कमिशनने प्रांतोप्रांती फिरून साक्षी घेतल्या. मुंबई इलाख्यातील साक्षीदारांत शेतकी खात्याचे डायरेक्टर डॉक्टर हॅरॉल्ड मॅन हे होते. पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून यांनीच दाखवून दिले होते की, १७७१ साली तेथे एका खातेदाराकडे सरासरीने ४० एकर जमीन होती ती १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर उरली. सात एकरांत ज्याने ज्वारी पिकवावयाची, कर्ज फेडावयाचे आणि लेकरे वाढवावयाची, त्याने गुरांच्या वैरणीसाठी जमीन सोडावी कोठून? हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे येथेच मांडून ठेवितो, कारण पुढे त्याची आठवण होणार आहे.

कमिशनचा अहवाल १९२८ साली बाहेर पडला. त्यातील गुरांसंबंधीचा विचार आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक शंभर एकर पेरणीच्या जमिनीमागे हिंदुस्थानात ६७ गुरे, तर दुग्धव्यवसायासाठी जगभर नाव असलेल्या हॉलंडात ३८, आणि इजिप्तमध्ये केवळ २५, असे आकडे त्यात दिले आहेत. प्रथमदर्शनी वाटते की, आम्ही गोधनाने केवढे संपन्न! कमिशनने दाखविले की, ही संपत्ती नसून विपत्ती आहे. शेतकऱ्यास नांगरासाठी बैल हवा. चारा अपुरा, म्हणून गाय खंगलेली; खंगलेली गाय दोन-तीन वर्षांतून एकदा विणार; वासरू झाले तर ते खुरटलेले. असा बैल कामास पुरत नाही, म्हणून शेतकरी आणखी गायी बाळगतो, की त्यांतून एखादा तरी बरा खोंड निपजावा. गायी वाढल्या की तोच तुटपुंजा चारा अधिक तोंडांत वाटला जातो, आणि पुढची पिढी आणखी खुरटते. उत्पत्तीच्या पुस्तकात फारोच्या स्वप्नाची कथा आहे, तीत सात रोडक्या गायी सात पुष्ट गायींस खाऊन टाकतात, आणि तरी त्या पहिल्यासारख्या रोडक्याच राहतात. योसेफाने त्या स्वप्नाचा अर्थ दुष्काळ असा लावला. आमच्या गायरानावर ते स्वप्न दरवर्षी उन्हाळ्यात खरे होत असे, आणि त्यास दुष्काळ पडण्याचीही गरज नसे.

या विचारास खानदेशातील एक उदाहरण आम्ही जोडतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या खोऱ्यात, खिल्लार गुरांची एक शाखा आढळते. तीस तापी खिल्लारी अथवा ठेलारी असे म्हणतात. ठेलारी हे गुरे पाळणारे भटके लोक, त्यांच्यावरून हे नाव पडले. पांढरा रंग, तांबूस-गुलाबी नाकपुड्या व तशाच खुऱ्या, हे तिचे लक्षण. बैल चपळ व काटक, रस्त्यावर आणि काळ्या रानात सारखाच चालणारा. परंतु गाय दुधास अगदीच बेताची, वासराचे पोट भरले म्हणजे झाले. याचे कारण उघड आहे. पिढ्यान् पिढ्या गुराख्याने निवड केली ती बैलाच्या पायांची. गायीच्या कासेची कोणी केलीच नाही. जे निवडाल ते वाढेल, हा पैदाशीच्या शास्त्रातला पहिला धडा ठेलाऱ्यास पुस्तकावाचून येत होता. मागणी बैलाची होती, म्हणून त्याने बैल घडविला. दूध हवे असल्यास येथील शेतकरी म्हशीकडे वळे, आणि चांगली दुभती म्हैस म्हणजे शेजारच्या गुजरातेतून आलेली सुरती, हे समीकरण येथे पिढ्यान् पिढ्यांचे आहे.

कमिशनने सुचविलेले उपाय आज वाचता साधे वाटतात. गावात मोकाट फिरणारे निकृष्ट वळू खच्ची करावेत. निवडक वळू सरकारी क्षेत्रांवर वाढवून गावोगाव द्यावेत. पावसाळ्यातील हिरवा चारा खड्ड्यात दाबून त्याचा मुरघास करावा, म्हणजे चैत्र-वैशाखात गुरांचे हाल होणार नाहीत. पाण्याची सोय असेल तेथे वैरणीची पिके घ्यावीत. साथीच्या रोगांवर टोचण्याची व्यवस्था वाढवावी. आणि विलायती संकरापेक्षा देशी जातींतील निवडीवर भर द्यावा. मुंबई इलाख्याने १९३३ साली पशुसुधारणेचा कायदा करून, ठरविलेल्या भागात परवान्यावाचून वळू न ठेवण्याचा नियम घातला, तो याच विचारसरणीतून. परंतु कायदा करणे सोपे आणि वळू पकडणे कठीण! देवाच्या नावाने सोडलेल्या सांडास हात लावू देण्यास गावकरी राजी नसत, आणि त्यांच्या श्रद्धेची थट्टा करणाऱ्या कारकुनांच्या हातून हे काम होण्यासारखेही नव्हते.

कमिशनवरचा मुख्य आक्षेपही येथेच नोंदविला पाहिजे. जमिनीची मालकी, कुळवहिवाट व सरकारी सारा या विषयांस हात घालावयाचा नाही, असे बंधन त्यास नेमतानाच घालण्यात आले होते. म्हणजे गायीच्या पोटात चारा का नाही, याची चौकशी गोठ्याच्या दारापर्यंत करावयाची, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यापाशी थांबावयाचे! पिंपळे सौदागरच्या सात एकरांचा प्रश्न वर आम्ही मांडून ठेविला तो यासाठी. जंगलखात्याने सातपुड्यातील चराऊ राने राखीव केल्यावर भिल्ल व पावरा लोकांच्या गुरांचे काय झाले, हाही असाच प्रश्न आहे. रोगाचे निदान अचूक, पण अर्धेच, असा आमचा त्या अहवालावर अभिप्राय आहे.

तथापि अहवाल कपाटात पडून राहिला नाही, हे त्याचे भाग्य. त्याच्या शिफारशीवरून १९२९ च्या जुलै महिन्यात इंपीरियल कौन्सिल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल रिसर्च ही मध्यवर्ती संस्था नोंदविण्यात आली. हीच स्वातंत्र्यानंतर भारतीय कृषि अनुसंधान परिषद या नावाने चालू राहिली. प्रांतोप्रांतीच्या संशोधकांस पैसा पुरवावा, एकाचे काम दुसऱ्यास कळवावे, आणि एकच प्रयोग दहा ठिकाणी दहादा होण्याचे टाळावे, हा तिचा उद्देश.

पुढे १९३३-३४ साली लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थानच्या नव्या राज्यघटनेचा विचार करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीचे अध्यक्षपद भूषविले, आणि १८ एप्रिल १९३६ रोजी त्यांनी व्हाइसरॉयपदाची सूत्रे हाती घेतली. आजवरच्या व्हाइसरॉयांनी राजवाडे, दरबार व शिकारी यांत नाव मिळविले होते. यांनी येताच गावोगाव चांगले वळू मिळावेत म्हणून मोहीम उघडली. स्वतःच्या खर्चाने वळू देऊन त्यांनी संस्थानिकांस, जमीनदारांस व धनिकांस तसे करण्याची विनंती केली. राजकारणात गढलेल्या शहरी लोकांस याचे हसू आले. स्वराज्य मागितले तर वळू मिळाला, असा विनोद सुचण्यासारखी ती वेळ होतीच. परंतु गणित पाहिले असता त्यात हसण्यासारखे काही नाही. उत्तम गाय वर्षाकाठी फार तर एक वासरू देणार. उत्तम वळू त्याच अवधीत अनेक वासरांचा बाप होणार. म्हणून कळप सुधारावयाचा तर प्रथम वळू सुधारला पाहिजे. मात्र वळू नुसता दिसावयास धिप्पाड असून भागत नाही. त्याच्या आईने किती दूध दिले, त्याच्या कालवडी किती देतात, याची नोंद हवी; आणि निरक्षर गवळ्याच्या गोठ्यात ती ठेवणार कोण? या अडचणीतूनच गीर, कांक्रेज, साहिवाल, तांबडी सिंधी, हरियाणा इत्यादी जातींची लक्षणे निश्चित करून त्यांच्या वंशावळीच्या वह्या ठेवण्याचे काम संशोधन परिषदेने अंगावर घेतले. वळू वाटणे हा समारंभ. वही ठेवणे हे शास्त्र. आमच्या मते दुसऱ्याचे मोल अधिक आहे.

१९३४ च्या बिहारमधील भूकंपाने पुशाच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या होत्या. ती संस्था दिल्लीस नव्याने उभारण्यात आली, आणि ७ नोव्हेंबर १९३६ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांनीच तिचे उद्घाटन केले; दिल्लीकर त्या जागेस आजही पुसाच म्हणतात. त्याच सुमारास स्कॉटलंडातील हॅना दुग्धसंशोधन संस्थेचे प्रमुख डॉक्टर नॉर्मन राइट यांस बोलावून येथील गुरे व दुग्धव्यवसाय यांची पाहणी करविण्यात आली. त्यांचा अहवाल १९३७ साली प्रसिद्ध झाला. शहरालगतचे तबेले नव्हेत, तर खेडे हेच या देशाच्या दुधाचे उगमस्थान असून खेडुतांनी सहकाराने एकत्र येऊन दूध विकावे, आणि संशोधन त्यांच्या गरजांभोवती फिरावे, असा त्यांचा रोख होता. पुढे गुजरातेत व महाराष्ट्रात सहकारी दूधसंघांनी जे करून दाखविले, त्याचे बीज केवळ या अहवालात होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण रोख तोच होता.

१९३७ सालीच शेतमालाची प्रतवारी व त्यावर शिक्का मारण्याचा कायदा झाला. अ‍ॅगमार्कचा शिक्का असलेले तुपाचे डबे आपण बाजारात पाहतो, त्याचा उगम या कायद्यात आहे. वनस्पती तुपाची भेसळ तोवर इतकी माजली होती की, खरे तूप काढणाऱ्या गरीब बाईस खोटे विकणाऱ्याच्या भावाने आपला माल द्यावा लागे. प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ तुपातील आम्ले तपासून त्याचा खरेखोटेपणा सांगू लागला, आणि ज्यास प्रयोगशाळेचे नावही ठाऊक नव्हते अशा खेडुताच्या मडक्यास त्यामुळे किंमत आली. १९३८ साली दिल्लीस अखिल भारतीय पशुप्रदर्शन भरले. १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत कृत्रिम रेतनाचा या देशातील पहिला प्रयोग झाला, आणि १९४२ साली इज्जतनगर येथील सरकारी संस्थेने ते काम हाती घेतले. मुक्तेश्वराच्या प्रयोगशाळेत बकरीच्या अंगात वाढवून सौम्य केलेल्या जंतूंपासून बुळकांडीवर लस तयार झाली होती, तिचा प्रसारही याच वर्षांतला. बुळकांडी म्हणजे काय, हे आजच्या मुलांस सांगावे लागते. हगवण लागून, तोंडास फोड येऊन, आठ-दहा दिवसांत गोठेच्या गोठे रिकामे करणारा हा रोग. पेरणीच्या तोंडावर तो आला की शेतकरी बैलांबरोबर वर्षालाही मुकत असे.

इथवरचे चरित्र लिहिताना आमची लेखणी अडखळली नाही. यापुढचे तसे नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी महायुद्ध सुरू झाले, आणि व्हाइसरॉयांनी येथील एकाही पुढाऱ्यास न विचारता हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस चले जावचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशीची पहाट उजाडण्याच्या सुमारास महात्माजी व इतर पुढारी कैदेत पडले. सरकारने दडपशाहीचा वरवंटा फिरविला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात मुलांची मिरवणूक निघाली. तिच्या अग्रभागी झेंडा घेऊन शिरीषकुमार मेहता हा मुलगा होता. त्यास सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तो पडला, आणि त्याच्यासमवेत लालदास, शशिधर, धनसुखलाल व घनश्याम हे त्याचे चार सोबतीही हुतात्मे झाले. त्यांचे स्मारक गावात आहे, त्याची वाट आमच्या वाचकांस सांगावयास नको.

गोळीबाराचा हुकूम दिल्लीहून आला नव्हता, तो येथल्याच अधिकाऱ्याचा, असे कोणी म्हणेल. ते खरे, परंतु ज्या धोरणाखाली असे हुकूम निःशंकपणे सुटत, ते दिल्लीचे होते, आणि त्याच्या शिरोभागी हेच गृहस्थ बसले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बंगालच्या मेदिनीपूर भागास वादळाने झोडपले. त्यात १४,५०० माणसे व १,९०,००० गुरे दगावल्याची नोंद आहे. जपानी येतील या भीतीने सरकारने किनाऱ्यावरील होड्या आधीच काढून घेतल्या होत्या, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला होता, भाव कडाडले होते. १९४३ च्या दुष्काळात किती माणसे मेली याचा सरकारी चौकशीने केलेला अंदाज पंधरा लाखांचा; नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. लंडनकडे धान्याची मागणी लॉर्ड लिनलिथगो यांनी केली होती, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. परंतु माणसे कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरत असता ते एकदाही तेथे गेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्यामागून आलेले लॉर्ड वेव्हेल अधिकार हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत बंगालमध्ये दाखल झाले. गायीच्या उपासमारीचे गणित ज्यास एवढे नेमके समजले होते, त्यास माणसाच्या उपासमारीची निकड का जाणवू नये, हे कोडे आम्ही पुष्कळ वेळा मनात घोळविले आहे. आमच्या समजुतीप्रमाणे, ते कमिशनचे अध्यक्ष म्हणून जितके मोठे होते तितके राज्यकर्ते म्हणून नव्हते. कागदावर मांडलेला प्रश्न त्यांस उत्तम समजे. समोर उभ्या राहून हक्क मागणाऱ्या माणसाशी बोलावे कसे, हे त्यांस कधी साधले नाही. गाय हक्क मागत नाही.

साडेसात वर्षांचा, म्हणजे सर्व व्हाइसरॉयांत सर्वांत दीर्घ असा कार्यकाळ संपवून ते १९४३ च्या ऑक्टोबरात स्वदेशी परतले. १९४४ व १९४५ साली स्कॉटलंडच्या मंडळीच्या वार्षिक महासभेत राजप्रतिनिधी म्हणून ते उपस्थित राहिले. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्या मंडळीच्या मिशनने वाढविले तीच ही मंडळी. पुढे एडिंबरो विद्यापीठाचे ते कुलपती झाले, आणि एका मोठ्या बँकेचे अध्यक्षपदही त्यांजकडे होते. ५ जानेवारी १९५२ रोजी होपटाऊनच्याच रानात शिकार करीत असता त्यांस अकस्मात मृत्यू आला. त्या वेळी त्यांचे वय ६४ वर्षांचे होते.

त्यांनी उभारलेल्या घडीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. बंगळूरची दुग्धसंशोधन संस्था १९५५ साली पंजाबातील, म्हणजे आताच्या हरियाणातील, कर्नाल येथे गेली आणि राष्ट्रीय झाली. देशी जातींतच निवड करावी हा कमिशनचा आग्रह स्वतंत्र भारताने सर्वस्वी पाळला नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर गायीचा होल्स्टीन व जर्सी यांच्याशी संकर करून फुले त्रिवेणी ही गाय तयार केली, तीत देशी रक्त पाव हिस्सा आहे. ती दूध पुष्कळ देते. पण तिला चारा, पाणी, सावली व डॉक्टर ही चारही वेळेवर हवीत, आणि सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांत ही चारही एकत्र मिळणे सोपे नाही. तेथे देशी गुरांवाचून गत्यंतर नसते, म्हणून तापी खिल्लारीच्या वंशावळीची वही नीट ठेवणारा कोणी हवा. बुळकांडीवर मात्र पुरता जय मिळाला. १९५४ साली देशभर टोचणीची मोहीम सुरू झाली, मुक्तेश्वराच्या लसीपाठोपाठ अधिक चांगल्या लसी आल्या, आणि २०११ साली हा रोग साऱ्या पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. मनुष्याने समूळ नष्ट केलेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग होय.